घड्याळे पुढे का गेली?

विद्यार्थी मित्रांनो, दोन सारखी भांडी शेजारी ठेवा. एक पाण्याने भरा, दुसरे रिकामे असू द्या. पाण्याने भरलेली रबरी नळी घेऊन तिची टोके दोन्ही भांड्यांच्या तळापर्यंत सोडा. पाणी प्रथम जोरात वाहील, मग सावकाश, आणि पातळी सारखी होताच थांबेल. पाणी तर होते तेवढेच आहे. मग संपले काय? संपला तो पातळीतील फरक!

एवढ्याशा गोष्टीवर टेड चियांग या अमेरिकन लेखकाने २००८ साली ‘एक्झलेशन’, म्हणजे ‘उच्छ्वास’, ही कथा लिहिली. तिच्यातील माणसे धातूची आहेत. हवेने भरलेली फुप्फुसे ती रोज बदलतात. एका नववर्षदिनी गावोगावची घड्याळे पुढे गेलेली आढळतात. तपासली, तर दोष सापडेना! तेव्हा एक संशोधक स्वतःच्याच मेंदूचे विच्छेदन करतो. त्याला दिसते, की मेंदू हवेच्या प्रवाहावर चालतो आणि बाहेरचा दाब वाढल्याने तो प्रवाह मंदावला आहे. घड्याळे बरोबरच होती. विचारच मागे पडले होते!

ही नुसती कल्पना आहे काय? नाही. आपल्याकडेही उष्णता आपोआप गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. तापमान सारखे झाले, की तिच्याकडून काम करून घेता येत नाही. सूर्य तप्त आणि अवकाश थंड, म्हणूनच पाऊस पडतो, पाने वाढतात. उष्मागतिकीचा दुसरा नियम तो हाच.

चियांग यांचा जन्म १९६७ चा. शिक्षण संगणकशास्त्राचे. २००२ व २०१९ सालच्या त्यांच्या दोन संग्रहांत मिळून कथा अवघ्या सतरा. पण ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेचे मानाचे पुरस्कार त्यांना प्रत्येकी चार वेळा मिळाले. त्यांच्या कथांत दंतकथा आणि विज्ञान एकत्र नांदतात. १९९० च्या एका कथेत बॅबिलोनचे लोक आकाशाच्या घुमटापर्यंत मनोरा बांधतात. गृहीत अद्भुत, पण एकदा मानले, की पुढचे सारे काटेकोर तर्काने! शास्त्रज्ञही असेच करतो. मात्र आपले गृहीत तो प्रयोगाने पारखून घेतो.

आणि तो संशोधक? आपल्या जगाचा शेवट कळूनही तो खचत नाही. फरक शिल्लक आहे तोवर आपण पाहू शकतो, विचार करू शकतो, याचेच त्याला नवल वाटते. नळीतील पाणी थांबेल तेव्हा, मित्रांनो, त्याची आठवण ठेवा.