लॅपटॉप मायक्रोफोनमधील बिघाड

लॅपटॉप मायक्रोफोनमधील बिघाड म्हणजे इंटरनेटवरून चाललेल्या संभाषणात लॅपटॉपवर बोलणाऱ्या व्यक्तीचा आवाज दुसऱ्या बाजूस न पोहोचणे, अधूनमधून तुटणे, अतिशय क्षीण होणे किंवा विकृत ऐकू येणे. मायक्रोफोन हा भाग नादुरुस्त होणे हे या बिघाडाचे केवळ एक कारण आहे. आवाज श्रोत्यापर्यंत अनेक टप्प्यांतून जातो आणि त्यांपैकी कोणत्याही टप्प्यावरील दोष ऐकणाऱ्याला जवळजवळ सारखाच भासतो. बोलणाऱ्याला मात्र त्याची जाणीव बहुधा होत नाही, कारण संभाषणाची ॲप त्याचा स्वतःचा आवाज त्याला परत ऐकवत नाहीत. ऑनलाइन तोंडी परीक्षा, नोकरीची मुलाखत किंवा डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला अशा प्रसंगी दोष शोधत बसण्यास वेळही नसतो. त्यामुळे दोष नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे हे क्रमाने ठरवण्याची पद्धत महत्त्वाची ठरते.

रचना

मायक्रोफोन (ध्वनिग्राहक) हवेतील कंपनांचे विद्युतसंकेतात रूपांतर करतो. १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन विकसित केला. लहान आकार आणि कमी किंमत यांमुळे तो टेलिफोन, ध्वनिमुद्रण यंत्रे व पुढे लॅपटॉप यांत रूढ झाला. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये सिलिकॉनवर घडवलेले ‘मेम्स’ प्रकारचे सूक्ष्म मायक्रोफोन बसवलेले असतात. बाहेरून त्यांची केवळ बारीक छिद्रे दिसतात. ती बहुधा कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना किंवा कीबोर्डजवळ असतात.

दोन किंवा अधिक मायक्रोफोन असल्यास प्रत्येकापर्यंत आवाज पोहोचण्यातील सूक्ष्म कालांतराचा उपयोग करून समोरून येणारा आवाज ठळक केला जातो. एखादे छिद्र धुळीने किंवा संरक्षक पट्टीने बुजल्यास ही क्रिया बिघडते आणि आवाज दुरून आल्यासारखा वाटतो.

ध्वनीचा प्रवास

मायक्रोफोनमधून निघालेल्या संकेताचे प्रति सेकंद हजारो नमुने घेऊन ते अंकांत साठवले जातात. ड्रायव्हर हे अंक संचालन प्रणालीकडे आणि ती ते संभाषणाच्या ॲपकडे देते. ॲप प्रतिध्वनी काढून टाकते, पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करते आणि आवाजाची पातळी आपोआप जुळवते. त्यानंतर आवाजाचे संक्षेपण होते. यासाठी ‘ओपस’ ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिचे मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. संक्षेपित आवाज सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत विभागून जाळ्यावर पाठवला जातो.

कारणे

परवानगी व निवड: आवाज मुळीच जात नसल्यास कारण बहुधा सेटिंगमध्ये असते. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोफोनच्या वापरावर गोपनीयतेच्या सेटिंगमधून नियंत्रण ठेवता येते; मॅकओएसमध्ये २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून प्रत्येक ॲपला स्वतंत्र परवानगी लागते. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळी परवानगी मागतो. परवानगी असूनही ॲपने दुसराच मायक्रोफोन, उदाहरणार्थ शेजारच्या खोलीत राहिलेला ब्लूटूथ हेडसेट, निवडलेला असू शकतो. काही लॅपटॉपवर मायक्रोफोन बंद करणारी कळ असते आणि ती नकळत दाबली जाते.

ध्वनिप्रक्रिया: गोंगाट कमी करणाऱ्या अनेक प्रणाली सतत एकसारख्या राहणाऱ्या ध्वनीला गोंगाट समजतात. पंख्याचा आवाज त्यामुळे जातो. पण संगीताच्या ऑनलाइन शिकवणीत तानपुऱ्याचा अखंड नादही त्याबरोबर नाहीसा होतो आणि लांबवलेला स्वर मध्येच विरतो. मायक्रोफोन येथे निर्दोष असतो. काही ॲपमध्ये ही प्रक्रिया बंद करून मूळ ध्वनी पाठवण्याची सोय असते.

जोडणी: ब्लूटूथ हेडसेटचा मायक्रोफोन सुरू होताच जोडणी बहुधा संगीताच्या प्रकारातून टेलिफोनच्या प्रकारात बदलते. जुन्या उपकरणांत नमुन्यांचा दर सेकंदाला केवळ ८,००० असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा आवाज दबका होतो. ३.५ मिलिमीटरच्या तारेच्या जोडणीत मायक्रोफोनसह हेडसेटला चार संपर्क लागतात. तीन संपर्कांच्या पिनेतून केवळ ऐकण्याचा ध्वनी जातो.

वीजपुरवठा: घरात अर्थिंग नसल्यास किंवा चार्जर सदोष असल्यास सततचा गुणगुणाट ऐकू येतो. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने त्यात ही कंप्रता व तिच्या पटी आढळतात. चार्जर काढताच गुणगुणाट थांबला, तर दोष विजेच्या बाजूस असतो.

जाळे: बोलण्यासाठी ओपसला सेकंदाला काही दशक किलोबिट पुरतात. त्यामुळे आवाज तुटण्यामागे वेग कमी असण्यापेक्षा तुकडे हरवणे किंवा ते अनियमित कालांतराने पोहोचणे हे कारण अधिक वेळा असते. वायफायची २.४ गिगाहर्ट्झ लहर मायक्रोवेव्ह भट्टीमुळेही विस्कळीत होते.

दोष शोधण्याची पद्धत

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे हे या पद्धतीचे सूत्र आहे. एकाच वेळी ड्रायव्हर, ॲप व हेडसेट बदलल्यास बिघाड गेला तरी कारण कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवल्यास शोध पहिल्यापासून करावा लागतो. चाचण्यांचा सोयीचा क्रम पुढीलप्रमाणे आहे.

१. इंटरनेट बंद ठेवून लॅपटॉपवरच एक मिनिट बोलणे मुद्रित करून ऐकावे. मुद्रण स्वच्छ असल्यास मायक्रोफोन व ड्रायव्हर यांवरील संशय बऱ्याच अंशी दूर होतो.

२. मुद्रण सदोष असल्यास बाहेरचा मायक्रोफोन जोडून तेच करावे. आता आवाज स्वच्छ आला, तर दोष अंगभूत मायक्रोफोनमध्ये किंवा त्याच्या तारेत असण्याची शक्यता अधिक असते.

३. मुद्रण स्वच्छ पण संभाषण सदोष असल्यास ॲपमधील मायक्रोफोनची निवड, परवानगी व गोंगाट कमी करण्याचे पर्याय तपासावेत. त्यानंतर तेच संभाषण दुसऱ्या ॲपमधून करून पाहावे.

४. दोन्ही ॲपमध्ये आवाज तुटत असल्यास मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून किंवा तारेच्या जोडणीवरून प्रयत्न करावा. जाळे बदलताच दोष गेल्यास तो लॅपटॉपमध्ये नव्हता, हे स्पष्ट होते.

५. दोष केवळ एकाच श्रोत्याला जाणवत असल्यास त्याच्या बाजूची जोडणी किंवा हेडफोन तपासावेत.

मधूनमधून उद्भवणारा बिघाड शोधणे सर्वांत कठीण असते, कारण चाचणीच्या वेळी तो दिसेलच असे नाही. अशा वेळी तो केव्हा होतो याची नोंद उपयोगी पडते. झाकणाचा कोन बदलताच आवाज जात असल्यास बिजागरीतून जाणारी तार तुटत आलेली असू शकते. लॅपटॉप तापल्यावर आवाज घुसमटत असल्यास पंख्याचा वाढलेला आवाज व त्यावर होणारी ध्वनिप्रक्रिया यांकडे पाहावे लागते. वाक्याचा केवळ आरंभ हरवत असल्यास गोंगाट-नियंत्रण बोलणे उशिरा ओळखत असण्याचा संभव असतो.

उपाय व काळजी

छिद्रे कोरड्या मऊ कुंचल्याने स्वच्छ करावीत. टाचणी घातल्यास किंवा दाबाची हवा थेट सोडल्यास आतील पडद्याला इजा होऊ शकते. अंगभूत मायक्रोफोन निकामी झाल्यास यूएसबी हेडसेट हा सोपा पर्याय ठरतो, कारण त्यात आवाजाचे अंकांत रूपांतर करणारे परिपथ स्वतंत्र असतात. हेडसेटमुळे मायक्रोफोन तोंडाजवळ येतो आणि स्पीकरचा आवाज त्यात शिरत नाही. त्यामुळे प्रतिध्वनीही कमी होतो. महत्त्वाच्या संभाषणापूर्वी पहिली चाचणी त्याच खोलीत, आणि नंतर परिचित व्यक्तीशी चाचणी-संभाषण त्याच जोडणीवर करून घेतल्यास बहुतेक दोष आधीच उघड होतात.