ब्लूजच्या सोलोत मालकंस: एकच सूर बदलून बघा

आज गिटार मांडीवर घेऊनच बसलोय.

मी जांब समर्थचा. कानावर रामनवमीच्या उत्सवातली भजनं, आणि गिटार शिकलो हॉस्टेलवर, यूट्यूब बघून. पाच वर्षं ब्लूज वाजवल्यावर एकदा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि ओशाळलोच. प्रत्येक तुकडा कुणाचा तरी उचललेला. मग माझं त्यात काय? सुट्टीत गावी तेच वाजवत होतो, तर पेटी वाजवणारे आजोबा म्हणाले, "अरे, हा तर धानी!"

खरंच की! ब्लूजची ए मायनर पेंटाटोनिक म्हणजे ए, सी, डी, ई, जी. ए ला सा धरलं की होतात सा, कोमल ग, म, प, कोमल नि. धानी रागाचे हेच पाच सूर.

आता गंमत बघा. पंचम काढून कोमल धैवत घेतला की मालकंसचे सूर मिळतात. पाचव्या फ्रेटच्या पोझिशनमध्ये दोनच जागा बदलतात: दुसऱ्या तारेवर पाचव्याऐवजी सहावा फ्रेट, पाचव्या तारेवर सातव्याऐवजी आठवा.

पण हे वाजवायचं कुठे? बारा बारच्या साध्या ब्लूजमध्ये पहिले चार बार ए कॉर्डचे, पाचवा-सहावा डी चा. मालकंस तिथे घ्या. ए चा मालकंस आणि डी ची मायनर पेंटाटोनिक, दोन्हींचे सूर एकच आहेत, म्हणून ते कॉर्डवर बसतात. सातव्या बारला पंचमावर परत या. नवव्या बारला ई कॉर्ड येते, तिथे तो धैवत टोचतो. तिथे थांबू नका.

अर्थात, पाच सूर वाजवले म्हणजे राग झाला नाही. रागाला चलन असतं, मींड असते. म्हणून तार झटक्यात ओढू नका, सावकाश वर न्या. १९९३ चा विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ऐका. दोघेही स्लाइड वाजवतात, दोघेही एकमेकांसाठी जागा सोडतात.

भजनात तरी दुसरं काय होतं? बुवा ओळ म्हणतात, टाळकरी ती उचलतात. ब्लूजमध्येही गायकाच्या ओळीला गिटार उत्तर देते. म्हणून दोन बार वाजवा, दोन बार गप्प बसा. मी हे करायला लागलो आणि पहिल्यांदा रेकॉर्डिंग आजोबांना ऐकवावंसं वाटलं.

आज रात्री हेडफोन लावा, बॅकिंग ट्रॅक सुरू करा आणि तो एक सूर बदलून बघा. भेटू पुढच्या भागात!