नट दिग्दर्शक होतो तेव्हा

रंगभूमीवर नाटक बसवणारा दिग्दर्शक तालमीच्या वेळी समोर बसून सारा प्रयोग न्याहाळू शकतो. दूरचित्रवाणीच्या मालिकेची रीत याहून निराळी आहे. तेथे आठवड्याला एक नवा भाग लागतो. एका भागाचे चित्रण चालू असतानाच पुढच्या भागाची जुळवाजुळव करावी लागते; म्हणून अमेरिकेत एकाच मालिकेचे भाग वेगवेगळ्या दिग्दर्शकांकडे सोपवण्याचा प्रघात पडला. दिग्दर्शक येतात आणि आपला भाग पुरा करून जातात. नट मात्र वर्षानुवर्षे तेथेच असतो. आपले पात्र कोठे बोलेल आणि कोठे गप्प राहील, हे नव्या दिग्दर्शकापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते. मालिकेतील नट दिग्दर्शनाकडे वळतो, तो बहुधा या वाटेने.

या वाटेवर एक मोह दबा धरून बसलेला असतो. कॅमेरा कोणाकडे वळवावा हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती आला, त्याने तो स्वतःकडेच वळवून ठेवला तर त्याला अडवणार कोण? अमेरिकन नट ॲलन आल्डा यांची कारकीर्द म्हणजे या प्रश्नाचे एक विचार करण्याजोगे उत्तर होय.

आल्डा यांचा जन्म २८ जानेवारी १९३६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील रॉबर्ट आल्डा हे रंगभूमीवरील व चित्रपटांतील नट. त्यामुळे रंगमंचाची मागची बाजू मुलाने लहानपणीच पाहिली. सातव्या वर्षी त्याला पोलिओने गाठले आणि गरम पट्ट्यांचे वेदनादायक उपचार सोसावे लागले. जेझुइट संघाच्या फोर्डम विद्यापीठातून १९५६ साली ते पदवीधर झाले. त्यानंतरची पुष्कळ वर्षे रंगभूमीवर व लहानमोठ्या भूमिकांत गेली. खरी कीर्ती लाभली ती १९७२ साली सुरू झालेल्या ‘मॅश’ या मालिकेने.

‘मॅश’ म्हणजे रणभूमीलगतचे फिरते लष्करी शस्त्रक्रिया रुग्णालय. १९५० ते १९५३ या काळातील कोरियन युद्ध ही कथेची पार्श्वभूमी, आणि आल्डा यांची भूमिका हॉकआय पिअर्स या विनोदी, बंडखोर शल्यविशारदाची. मालिका विनोदी म्हणून गणली जाई. पण युद्ध हे केवळ थट्टामस्करीचे निमित्त होऊ नये, असा आग्रह आल्डा यांनी आरंभीच निर्मात्यांपाशी धरला होता. संवादांमागे हशा जोडण्याचा हट्ट प्रक्षेपण कंपनीचा होता. शस्त्रक्रियेच्या खोलीतील प्रसंगांना मात्र तो जोडायचा नाही, असे निर्मात्यांनी ठरवून घेतले. विनोद कोठे थांबावा हे त्या मंडळींना नेमके उमजले होते.

१९७४ साली आल्डा यांनी या मालिकेचा पहिला भाग दिग्दर्शित केला. पुढे अशा भागांची संख्या तीसच्या वर गेली. स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून दिग्दर्शन करणे ही मोठी अवघड गोष्ट आहे. ‘मॅश’चे चित्रण फिल्मवर होई. फिल्म धुऊन आल्यावाचून आपला अभिनय कसा वठला हे कळावयाचे नाही. तोवर छायाचित्रकाराच्या नजरेवर आणि समोरच्या नटाच्या प्रतिसादावर विसंबावे लागते. ज्याला दुसऱ्यावर विश्वास टाकता येत नाही, त्याला हे काम साधत नाही. त्या संचातील नट दोन दृश्यांच्या मधल्या वेळात आपापल्या खोल्यांत न जाता खुर्च्यांचे कोंडाळे करून एकत्र बसत, गप्पा मारीत. कॅमेऱ्यासमोर दिसणारी आपुलकी तेथे मुरत असे.

दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार आल्डा यांना एकाच मालिकेसाठी अभिनय, दिग्दर्शन आणि लेखन अशा तिन्ही अंगांनी मिळाला. असा मान मिळवणारे ते पहिलेच. अभिनयाचा पुरस्कार १९७४ साली मिळाला. १९७७ साली दिग्दर्शनाचा पुरस्कार ज्या भागाला मिळाला, त्यात रुग्णालयात पाहुणा म्हणून आलेला मनोविकारतज्ज्ञ सिडनी फ्रीडमन हा दिवंगत फ्रॉइडला पत्र लिहितो, आणि साऱ्या मंडळींचे दर्शन त्याच्या नजरेतून घडते. नायक येथे अनेकांतला एक होतो. १९७९ साली लेखनाचा पुरस्कार ज्या भागाला मिळाला, त्यात एक स्वीडिश स्त्री शल्यविशारद हॉकआयपेक्षा सरस कौशल्य दाखवते आणि त्याचा पुरुषी अहंकार दुखावतो. लेखणी आणि दिग्दर्शन दोन्ही हाती असताना आल्डा यांनी आपल्याच नायकाला धडा शिकवला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

याची परिसीमा २८ फेब्रुवारी १९८३ रोजी प्रक्षेपित झालेल्या अडीच तासांच्या अखेरच्या भागात दिसते. आल्डा हे त्याचे दिग्दर्शक आणि आठ लेखकांपैकी एक. चित्रणाच्या काळात वणव्याने रुग्णालयाचे उघड्यावरील नेपथ्य जळाले, तेव्हा ती आगही कथेत गुंफण्यात आली. या भागात हॉकआय मनोरुग्णालयात आहे. शत्रूच्या गस्तीपासून लपलेल्या बसमध्ये आवाज होऊ नये म्हणून एका स्त्रीने कोंबडीचा जीव घेतला, असे त्याला आठवते. फ्रीडमन त्याला हळूहळू खऱ्या आठवणीपाशी आणतो: ती कोंबडी नव्हती, तिचे स्वतःचे तान्हे मूल होते, आणि गप्प करा असे ओरडणारा होता हॉकआयच. अकरा वर्षे लोकांनी ज्याच्यावर प्रेम केले, त्या नायकाला आल्डा यांनी निरोपाच्या वेळी विजयी न दाखवता भग्न दाखवले. अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी तो भाग पाहिला.

१९८१ सालच्या ‘द फोर सीझन्स’पासून आल्डा यांनी चित्रपटही लिहिले व दिग्दर्शित केले. १९९३ पासून २००५ पर्यंत त्यांनी विज्ञानविषयक कार्यक्रमात शास्त्रज्ञांना बोलते केले. आणि समोरच्याचे नीट ऐकण्याची नटाची विद्या शास्त्रज्ञांना शिकवावी, म्हणून २००९ साली न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठात एक केंद्र उभारण्यास हातभार लावला. कंपवाताने आपल्याला गाठल्याचे त्यांनी २०१८ साली स्वतःच जाहीर केले, आणि त्यानंतरही काम सोडले नाही.

नटाला लोकांनी आपल्याकडे पाहावे असे वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. दिग्दर्शकाला मात्र इतरांकडे पाहावे लागते. अधिकार हाती आल्यावर माणूस कोणाकडे पाहतो, यावरून त्याची पारख होते. नाट्यगृहाप्रमाणेच शाळेत, कचेरीत आणि घरातही हे खरे आहे.