कल्पनेचे प्रदेश (भाग ७) : टूवे यान्सन आणि मोकळीक देणारी मैत्री

गेल्या आठवड्यात आपण अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या पिप्पीला भेटलो. पिप्पी स्वीडनमध्ये अवतरली १९४५ साली. त्याच वर्षी शेजारच्या फिनलंडमध्ये एक छोटं पुस्तक निघालं आणि त्यातून मूमिन कुटुंब जन्माला आलं. पाणघोड्यासारख्या नाकाच्या या पांढऱ्या, गुबगुबीत प्राण्यांची निर्माती टूवे यान्सन.

टूवेचा जन्म १९१४ सालचा, हेलसिंकीचा. वडील शिल्पकार, आई चित्रकार आणि घरची भाषा स्वीडिश. लिहायला लागण्याआधीपासून ती ‘गार्म’ या व्यंग मासिकासाठी चित्रं काढत होती आणि तिथे हिटलरचीही खिल्ली उडवत होती. युद्धात भाऊ आघाडीवर गेला, माणसांची पांगापांग झाली. सुरुवातीच्या मूमिन कथांमध्ये महापूर आणि धूमकेतू येतात, ते याच दिवसांतून. पण संकट कोणतंही असो, मूमिनआईच्या घरात आल्यागेल्याला अंथरूण आणि गरम जेवण मिळतंच. तू कोण, कुठला, किती दिवस राहणार, असं त्याला कुणी विचारत नाही.

या घरात येणारे बरेच जण टूवेच्या आयुष्यातूनच आले. हिरव्या टोपीचा भटक्या स्नफकिन बेतला आहे अटोस विर्टानेन या मित्रावर. तो राजकारणी, पत्रकार आणि तत्त्वचिंतक होता. हिवाळा तोंडावर आला की स्नफकिन दक्षिणेकडे निघून जातो आणि वसंतात परततो. मूमिन कुटुंबातला मुलगा मूमिनट्रोल याला त्याचा विरह सोसत नाही, तरीही तो त्याला अडवत नाही. मैत्रीचा खरा कस इथे लागतो, असं टूवे मुलांना सुचवते.

१९४८ च्या पुस्तकात हातात हात घालून दोन चिमुकले जीव येतात. ते स्वतःच्याच गुपित भाषेत बोलतात आणि त्यांच्या पेटीत एक लखलखतं माणिक दडवलेलं असतं. हे दोघे म्हणजे टूवे आणि नाट्यदिग्दर्शिका विविका बांडलर. दोघींचं प्रेम होतं आणि फिनलंडमध्ये समलिंगी संबंध १९७१ पर्यंत गुन्हा होता. ती बंद पेटी अशी कायद्याच्या धाकातून आलेली आहे. कथेत मात्र माणिक शेवटी सगळ्यांसमोर उघडं होतं.

१९५५ च्या नाताळच्या मेजवानीत टूवेची तूलिक्की पिएतिला या चित्रकर्तीशी गाठ पडली. पुढची पंचेचाळीस वर्षं दोघींनी एकमेकींची साथ सोडली नाही. हेलसिंकीत दोघींचे स्टुडिओ वेगवेगळे होते आणि माळ्यावरच्या वाटेने जोडलेले होते. काम आपापलं, येणंजाणं हवं तेव्हा. तूलिक्कीवरून टू-टिकी हे पात्र आलं. १९५७ च्या हिवाळ्याच्या कादंबरीत मूमिनट्रोल हिवाळाभराच्या झोपेतून अवेळी जागा होतो. सारं घर झोपलेलं, बाहेर कधी न पाहिलेला बर्फ. टू-टिकी त्याला कुरवाळत बसत नाही. ती जवळपास असते आणि हिवाळा त्याचा त्याला समजू देते.

हीच टू-टिकी १९६२ च्या एका कथेत निन्नी नावाच्या मुलीला घेऊन येते. सांभाळणाऱ्या बाईच्या टोमण्यांनी मुलगी इतकी धास्तावलेली असते की अदृश्यच झालेली असते. ती कुठे आहे ते कळावं म्हणून गळ्यात घंटी बांधलेली! मूमिनआई तिला ‘बोल ना’ म्हणत मागे लागत नाही, गुलाबी झगा शिवून देते. आधी पावलं दिसू लागतात. चेहरा मात्र दिसतो तो समुद्रकाठी. मूमिनबाबा गंमत म्हणून मूमिनआईला पाण्यात ढकलायचा आव आणतात, तशी निन्नी चिडून त्यांच्या शेपटीचा कडकडून चावा घेते आणि त्या क्षणी तिचं वर आलेलं नाक, तांबडे केस सगळं दिसू लागतं. घाबरलेल्या मुलाला माया तर हवीच, पण रागावण्याची मुभाही हवी, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी बालकथा माझ्या वाचनात दुसरी नाही.

१९६६ मध्ये टूवेला बालसाहित्यातलं मानाचं हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक मिळालं. २००१ साली ती गेली.

आपण मुलांना ‘सगळ्यांशी मैत्री कर’ असं सांगतो. मित्राला जाऊ द्यावं, गप्प राहू द्यावं, चिडू द्यावं, हे सांगायचं राहून जातं. म्हणून मूमिनच्या गोष्टी मिळवा आणि निन्नीपासून सुरुवात करा. मुलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि वाचून झाल्यावर तात्पर्य सांगू नका. त्यांना जे बोलायचं असेल ते त्यांना बोलू द्या.