फोर्टातले दगड आणि डॉक्टर कार्टर

मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. रविवारी सकाळी ओव्हल मैदानाच्या कडेने पायी फिरणारी कुटुंबं हमखास दिसतात: गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवलेली मुलं, मागून सावकाश येणारे आजी-आजोबा. इमारत कोणी बांधली, कमान कुठल्या शैलीतली, हे त्यांना ऐकायला मिळतं. दगड कुठला, हे क्वचितच. मुलांना तर आधी तेच सांगायला हवं, कारण दगड हा इतिहासाचा असा पुरावा, ज्याला हात लावता येतो.

चर्चगेटला उतरून टाउन हॉलपर्यंतची ही वाट दोन-अडीच किलोमीटरची. सोबत एक भिंग असलं की पुरे.

सुरुवात हायकोर्टापासून करावी. त्याचा काळा-निळसर बेसाल्ट म्हणजे महाराष्ट्राचा घरचा दगड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोंढे पसरले, ते थिजून तो तयार झाला. काही चिऱ्यांत बारीक पोकळ्या आणि पांढरे ठिपके दिसतात. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. नंतर झिरपलेल्या पाण्यातल्या खनिजांनी ते भरून निघाले. शेजारचा राजाबाई टॉवर मात्र फिकट पिवळसर, कुर्ल्याच्या दगडाचा, आणि काळ्या घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय मालाडच्या पिवळ्या दगडाचं. मालाडचा दगडही ज्वालामुखीचाच, फक्त त्यात सिलिका जास्त, म्हणून रंग उजळ.

आता मान वर करून गॉथिक इमारतींच्या स्तंभांवरची पानंफुलं, पक्षी, माकडं पाहा. इतकी नाजूक कलाकुसर बेसाल्टात करायची तर पाथरवटाची छिन्नी बोथट व्हायची. त्यासाठी पोरबंदरहून मऊ, दुधी रंगाचा चुनखडक आणला. हाताशी असलेल्या एखाद्या तुकड्यावर भिंग धरलं की राजगिऱ्याच्या लाडवासारखे एकमेकांना चिकटलेले गोल गोल कण दिसतात. त्यांतल्या कित्येक कणांच्या पोटात समुद्रातल्या एकपेशीय जीवांची, फोरॅमिनिफेरांची, कवचं आहेत. त्या कवचांचा चुरा बराचसा वाऱ्याने सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणून टाकला आणि चुन्याने तो सांधला गेला. वय अवघं काही लाख वर्षं. (दगड चुन्याचा आहे का हे पाहायला लिंबू पिळायचा मोह इथे मुळीच नको. तो प्रयोग घरी खडूवर करावा.)

या दगडाला ‘मिलिओलाइट’ हे नाव १८४९ मध्ये दिलं हेन्री जॉन कार्टर यांनी, आणि इथे थोडं थांबायला हवं. कार्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतले डॉक्टर. अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या ‘पॅलिनुरस’ जहाजावर त्यांनी काम केलं, आणि अरबस्तान, सिंध, कच्छ, काठेवाडच्या खडकांमधली फोरॅमिनिफेरा अभ्यासली. १८५२ मध्ये त्यांनी मुंबई बेटाच्या भूगर्भावर सविस्तर निबंध लिहिला. त्या भूगर्भाची गोष्ट अशी: लाव्हाच्या दोन लोंढ्यांमध्ये शांततेचा काळ येई, तेव्हा इथे गोड्या पाण्याची तळी साचत. वरळीच्या टेकडीत त्या तळ्यांचा गाळ सापडला आणि त्यात इवल्याशा बेडकांचे सांगाडे! ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये लंडनमध्ये त्या बेडकांचं वर्णन केलं. आज त्यांचं नाव इंडोबॅट्रेकस.

याच थरांतल्या एका कासवाला कार्टर यांनी डॉ. लीथ नावाच्या गृहस्थांवरून टेस्टुडो लीथाय असं नाव दिलं. पुढे १८६९ मध्ये इजिप्तमधल्या एका जिवंत कासवालाही नेमकं तेच नाव मिळालं. प्राणिशास्त्राच्या नियमानुसार आधी वापरलेलं नाव दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळे इजिप्तच्या कासवाला ते सोडावं लागलं. आज ते टेस्टुडो क्लाइनमनाय म्हणून ओळखलं जातं. मुंबईच्या चिखलातल्या एका मेलेल्या कासवाने इजिप्तच्या जिवंत कासवाचं नाव काढून घेतलं, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला सांगून पाहा. वास्तुकारांची नावं आपण पाठ करतो. इथला दगड कसा वाचायचा हे दाखवणाऱ्या या माणसाचं नाव सहसा निघत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

हुतात्मा चौकात शेवटचं आश्चर्य आहे. १८६४ चं फ्लोरा फाउंटन इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडात कोरलेलं आहे. त्यावर चढलेले रंगाचे थर अलीकडच्या डागडुजीत काढले गेले आणि मूळ दगड मोकळा झाला. हा दगड सुमारे १४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रातला, म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या दुपटीहून जुना. एका सकाळच्या फेरीत काही लाख, सहा कोटी आणि चौदा कोटी वर्षं पायी ओलांडून होतात, आणि वयाने सर्वांत थोर असलेला दगड नेमका पाहुणा निघतो.

फेरी टाउन हॉलच्या पायऱ्यांवर संपवावी. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत आज एशियाटिक सोसायटी आहे. कार्टर याच संस्थेचे चिटणीस होते आणि मिलिओलाइटवरचा त्यांचा निबंध तिच्याच नियतकालिकात छापला गेला. जाता जाता एक सूचना: मुंबई विद्यापीठाने आणि महापालिकेने मिळून फोर्टातल्या प्रत्येक मोठ्या इमारतीपाशी दगडाचं नाव, खाण आणि वय सांगणारी एक ओळीची पाटी लावावी. खर्च फार नाही, आणि वारसा फेरी घेणाऱ्यांना दर चौकात सांगायला एक नवी गोष्ट मिळेल.