नंबर आठला नाव लागलं म्हणजे घर आपलं झालं का? गावातलं घर घेताना-विकताना पडणारे प्रश्न

तालुका प्रतिनिधी

गावठाणाच्या ड्रोन मोजणीच्या वेळी सगळ्यांसारखी आम्हीही घराच्या कडेनं चुन्याची रेघ मारली. आमच्या घराला लागून दोन खणांचं घर आहे. वडिलांनी ते पंचवीसेक वर्षांपूर्वी भावकीतल्या चुलत्यांकडून घेतलं. स्टँपपेपरवर लिहून घेतलं, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, नंबर आठला नाव लागलं, घरपट्टी दरवर्षी भरली. चौकशीला साहेब आले आणि म्हणाले, "खरेदीखत दाखवा." ते नव्हतंच.

चुलते आणि काकू तोवर वारले होते. त्यांच्या तीन मुलांनी आणि दोन मुलींनी हरकत घेतली. चार बैठका झाल्या, वरून पुन्हा पैसे द्यावे लागले आणि मुद्रांक शुल्क आजच्या दरानं भरून मग खरेदीखत झालं. वडिलांना कुणी फसवलं नव्हतं, कागदच अर्धा राहिला होता. अशी अर्ध्या कागदाची घरं गावोगाव आहेत. म्हणून लोक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं देतोय.

नंबर आठचा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नाही का?

नाही. नमुना नंबर ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कुणाकडून घ्यायची, एवढ्यासाठी ती असते. उतारा नीट बघा, त्यात मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं नाव असे दोन वेगळे रकाने असतात. गायरानावर किंवा सरकारी जागेवर बांधलेल्या घरालाही ग्रामपंचायत कर लावते. पावती मिळाली म्हणून ती जागा त्याची होत नाही आणि त्याला ती विकताही येत नाही. म्हणून उताऱ्यावर 'अतिक्रमण' किंवा 'शासकीय जागा' असा शेरा आहे का, ते आधी वाचा.

मग गावठाणातल्या घराला कोणता कागद लागतो?

गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. जिथं भूमी अभिलेख खात्याची मोजणी झाली आहे तिथं मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनचा प्रयोग झाला होता. तुमच्या गावाचं काम झालं असेल तर कार्ड काढा. त्यावरचं नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा जागेवर उभं राहून ताडून बघा. कार्ड नसेल तर विकणाऱ्याकडं ते घर कसं आलं, त्याचे जुने कागद मागा. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र यातलं काहीतरी असायला पाहिजे.

पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरी केली तर चालतं का?

सगळ्यात जास्त माणसं इथं अडकतात. नोंदणी कायदा १९०८ चा आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर दस्त नोंदवावाच लागतो. नोटरी फक्त सही कुणी केली ते सांगते, मालकी बदलत नाही. मुखत्यारपत्रावर घर 'विकण्याची' पद्धतही चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच तसं स्पष्ट केलंय.

इसार पावती झाली, आता घर पक्कं ना?

इसार म्हणजे पुढं खरेदी करू असा करार. त्यानं मालकी येत नाही. मात्र इसार लिहिताना रक्कम, उरलेली रक्कम कधी द्यायची ती तारीख आणि घराच्या चतुःसीमा नीट लिहा. समोरचा फिरला तर करार पुरा करून मागण्यासाठी ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत कोर्टात जावं लागतं. तारीखच लिहिली नाही तर वाद तिथूनच सुरू होतो. आणखी एक गोष्ट, इसारातच घराचा ताबा दिला तर त्या करारावर खरेदीखतासारखं पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं.

बहिणींच्या सह्या लागतातच का?

लागतात. "लग्नात दिलंय की सगळं" हे कायद्यात बसत नाही. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यामुळं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडिलांचं स्वतःचं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता वारले, तरी बायको, मुलं, मुली सगळे वारस. नंबर आठला एकट्या थोरल्या भावाचं नाव असलं म्हणून तो एकटा घर विकू शकत नाही. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिचं हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. साध्या कागदावरची संमती पुढं उपयोगाला येत नाही. आणि तिला हिस्सा पाहिजे असेल तर तो तिचा आहे, त्यात रुसण्यासारखं काही नाही.

घरावर कर्ज किंवा वाद आहे का, ते कसं कळेल?

नंबर आठवर किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा आहे का बघा. बँक, सोसायटी, पतसंस्थेचा येणे बाकी नसल्याचा दाखला मागा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये आधी झालेले दस्त मोबाईलवरही बघता येतात. जुन्या दस्तांसाठी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. वकिलाची फी कोर्टाच्या हेलपाट्यांपेक्षा कधीही स्वस्त.

खर्च किती येतो?

मुद्रांक शुल्क व्यवहाराची किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर लागतं. ग्रामपंचायत आणि नगरपालिका हद्दीचा दर वेगळा आहे, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. राहतं घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. घरात बोलून बघा.

पैसे रोख दिले तर?

स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. दोघांचंही उत्पन्न निव्वळ शेतीचं असेल आणि करपात्र उत्पन्न नसेल तर सूट आहे. तरी बँकेतूनच द्या. उद्या वाद झाला तर पासबुक बोलतं, साक्षीदार विसरतात.

विकणाऱ्यानं काय सांभाळायचं?

पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय खरेदीखतावर सही करू नका. "चेक दिलाय, वटेल उद्या" यावर विसंबू नका. एकदा खरेदीखत नोंदलं की पैसे राहिले म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. तुम्हाला बाकी रकमेसाठी कोर्टातच जावं लागतं. चेक नंबर, रक्कम, तारीख दस्तात लिहा.

खरेदीखत झालं, पुढं काय?

सही केल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यावा लागतो. आधार, पॅन आणि दोन साक्षीदार सोबत न्या. तिथं फोटो आणि अंगठ्याचे ठसे घेतात. नोंदणी झाल्यावर इंडेक्स टू काढून घ्या. तो जोडून ग्रामपंचायतीत नंबर आठला आणि प्रॉपर्टी कार्ड असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात नाव लावायचा अर्ज द्या, पोच घ्या. लाइटचं मीटर आणि नळाचं कनेक्शनही नावावर करा. घर गावठाणाबाहेरच्या प्लॉटवर असेल तर सातबारा आणि बिनशेती आदेश आधी बघा, नंतरच इसाराचं बोला.

आमच्या त्या दोन खणांच्या घराचं खरेदीखत आता कपाटात आहे. ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी चुलत्यांची धाकटी मुलगी सही करून झाल्यावर म्हणाली, "दादा, तेव्हाच केलं असतं तर आपलं बोलणं तरी बंद पडलं नसतं." तुमच्या घरातही असा अर्धा कागद असेल आणि लिहून देणारा माणूस अजून हयात असेल, तर या महिन्यातच त्याला भेटा.