मंत्रिमंडळाची जुळणी

निवडणुकीचे निकाल लागले कीं कोणत्या जिल्ह्यास किती मंत्री मिळाले, कोणाचा जातभाई आंत गेला व कोण बाहेर राहिला, याचा हिशेब घरोघरीं सुरू होतो. हा हिशेब अगदींच गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मंत्रिमंडळ कशानें एकत्र राहतें, याचा उलगडा त्यानें होत नाहीं. तो व्हावा म्हणून मुंबई इलाख्यांतील १९३७ सालचें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवतों.

१९३५ च्या कायद्यान्वयें झालेल्या निवडणुकींत १७५ जागांच्या विधानसभेंत काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष ठरला. गव्हर्नर आपले विशेष अधिकार कसे वापरणार, हा प्रश्न सुटेपर्यंत पक्षानें अधिकारस्वीकार केला नाहीं. तेवढ्या काळापुरतें सर धनजीशहा कूपर यांचें मंत्रिमंडळ आलें. नेतेपदीं नरिमन यांच्याऐवजीं बाळ गंगाधर खेर निवडले गेल्यावरून मोठा वादही माजला. अखेर जुलै १९३७ मध्यें खेर मुख्य प्रधान झाले.

मंत्री अवघे सात. शिक्षण खेरांनीं स्वतःकडे ठेविलें. कोल्हापूरचे माजी दिवाण अण्णासाहेब लठ्ठे यांजकडे अर्थ, मुनशींकडे गृह व कायदा, मोरारजी देसायांकडे महसूल, डॉ. गिल्डरांकडे आरोग्य व आबकारी, ल. मा. पाटलांकडे स्थानिक स्वराज्य आणि नुरी यांजकडे बांधकाम. मराठी, गुजराती, पारशी, मुसलमान असा मेळ येथेंही घातलेला दिसतो. पगार मात्र दरमहा ५०० रुपये.

या जुळणीची कसोटी दारूबंदीच्या वेळीं लागली. ऑगस्ट १९३९ मध्यें मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. खातें गिल्डरांचें, परंतु आबकारीचें बुडणारें उत्पन्न भरून काढण्यासाठीं शहरी स्थावर मिळकतीवर कर बसविण्याचा अप्रिय भार लठ्ठ्यांच्या शिरावर आला आणि अंमलबजावणीस पोलिस लागले ते मुनशींचे. एकाच्या खात्याचा निर्णय असा सर्वांस वाहावा लागतो; यालाच सामुदायिक जबाबदारी म्हणतात. हिंदुस्थानास न विचारतां युद्धांत ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्यें हें मंत्रिमंडळ पायउतार झालें, तेंही सर्वांनीं मिळूनच.

ही कल्पना आपल्याकडे जुनी नाहीं. शिवछत्रपतींचे प्रधान आठ होते, पण प्रत्येक जण महाराजांस जबाबदार होता, परस्परांस नव्हे. कौटिल्यानें मंत्रिपरिषदेच्या संख्येविषयीं पूर्वाचार्यांचीं मतें दिलीं आहेत : कोणी बारा म्हणतो, कोणी सोळा, कोणी वीस. त्याचें स्वतःचें मत मात्र असें, कीं संख्या सामर्थ्यानुसार असावी.

खेरांचें मंडळ निर्दोष होतें असें मात्र कोणीं समजूं नये. सातांत एकही स्त्री नव्हती. हंसाबेन मेहता पार्लमेंटरी सेक्रेटरी झाल्या, मंत्री नव्हे. अस्पृश्य गणलेल्या समाजांतीलही कोणी नव्हतें. तो मान गणपतराव तपासे यांस १९४६ च्या दुसऱ्या खेर मंत्रिमंडळांत मिळाला. ज्यांचें कोणीच आंत नाहीं त्यांचें गाऱ्हाणें दारांतच अडतें. म्हणून प्रतिनिधित्वाचा आग्रह आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं.

आतां संख्येस कायद्यानें लगाम आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनें राज्याचे मंत्री विधानसभेच्या १५ टक्क्यांहून अधिक नसावेत, परंतु बारांहून कमीही नसावेत, असें ठरलें. त्यामुळें २८८ आमदारांच्या महाराष्ट्रांत मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री होऊं शकतात. ४० आमदारांच्या गोव्यांत १५ टक्के म्हणजे सहाच, तरी बारांची मुभा आहे. संख्या कायदा ठरवील. एकदिलानें भार वाहणारीं माणसें तो कोठून आणणार?

तेव्हां मंत्र्यांची यादी हातीं आली म्हणजे आपल्या बाजूचे किती हें सुज्ञ वाचकांनीं खुशाल मोजावें. मात्र त्यापुढें आणखी एक प्रश्न विचारावा : यांतील एकानें लोकहिताचा पण अप्रिय निर्णय घेतला, तर उरलेले त्याच्या पाठीशीं उभे राहतील काय? उत्तर होकारार्थी असेल तर जुळणी साधली. नसेल तर ती केवळ वांटणी झाली.